मधल्या भिंतीत लोकर नको

वर्गात फोन न्यायचा नाही असा आमच्या शाळेचा नियम आहे, आणि तो नव्या शिक्षकांना बजावून सांगायचं काम माझ्याकडेच असतं. तरी त्या हिवाळ्यापासून मी स्वतःच तो रोज मोडू लागले. सातवीच्या पोरांना चुंबक शिकवताना माझी पर्स टेबलावर असायची, आत फोन व्हायब्रेटवर ठेवलेला, आणि माझं अर्धं लक्ष त्या पर्सकडे. अनोळखी नंबर दिसला की मी फोन घेऊन वर्गाबाहेर पळायचे. बहुतेक वेळा कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारत असे. त्या बिचाऱ्यांनी माझ्या तोंडून जे ऐकलं ते त्यांना आयुष्यभर पुरेल.

झालं असं होतं की बाबा घरात पडले होते. आई गेल्यापासून ते लकडगंजच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या माहेरच्या घरी एकटेच राहत. सकाळी दूधवाल्याने दाराच्या कडीला लटकवलेली पिशवी दुपार झाली तरी तशीच आहे, हे शेजारच्या काकूंना दिसलं म्हणून कळलं. बाबा न्हाणीजवळ फरशीवर पडून होते. हाड मोडलं नव्हतं. पण ते सकाळपासून तिथे होते आणि शुद्धीवर होते. काकूंनी विचारलं, "हाक काहून नाही मारली?" तर म्हणाले, "लोकं आपापल्या कामात असते. कायले तरास द्याचा?"

हे ऐकलं आणि मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि त्यानंतर जी भीती बसली ती उठलीच नाही.

मग त्यांना आपल्या घरी का नेत नाहीस, असं मला सगळ्यांनीच विचारलं. शाळेतल्या बायकांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, भाजीवालीनेही विचारलं. उत्तर सोपं होतं, पण ते सांगताना माझी जीभ अडखळायची. आमच्यात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. कन्या दान दिली, आता तिच्या घरचं खायचं नाही, असा तो हिशेब. लेकीला मूल झालं की ही बंदी सुटते. नातवाचं तोंड पाहायचं, त्याच्या हाताने पाणी प्यायचं आणि मोकळं व्हायचं. मला मूल झालं नाही. म्हणून बाबांची बंदी कधी सुटलीच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवाळीला येत, संक्रांतीला येत, उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसत, पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढत आणि ती पिऊन निघून जात. आई मात्र स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभ्याउभ्या चहा प्यायची आणि म्हणायची, "तुह्या बाबाले सांगू नको वं."

बाबा काही कर्मठ माणूस नाहीत. देवळातही सणासुदीलाच जातात. पण ही एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती, आणि त्यांनी ती सोडावी असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. कारण ते म्हणायचं म्हणजे मला मूल नाही आणि आता होणार नाही, हे आम्ही दोघांनी समोरासमोर बसून मान्य करायचं. ते आम्ही कधी केलं नव्हतं.

यातून वाट काढली ती माझ्या नवऱ्याने. तो शांत माणूस आहे, इतका की कधी कधी त्याला हलवून पाहावंसं वाटतं. तो बाबांकडे गेला आणि म्हणाला, "मामाजी, आमच्या घरात नका राहू. आमच्या मागच्या पडवीत तुमचं वेगळं घर बांधू. चूल तुमची, पाणी तुमचं."

बाबांनी बराच विचार केला. मग एक अट घातली. आमच्या स्वयंपाकघरातून पडवीत उघडणारं दार बुजवायचं. "दार असलं म्हणजे ते तुमचंच घर झालं, बापू. भिंत असली तं माहं."

आता ही भिंत कशाची, इथून माझ्या काळजीचा दुसरा भाग सुरू झाला.

बाबा सुतार. सगळं आयुष्य लकडगंजच्या लाकूड चिरणाऱ्या आरामशिनींच्या आवाजात गेलं. पूर्व नागपुरातल्या कितीतरी घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या आहेत. रस्त्याने जाताना ते अजूनही घरं माणसांवरून नाही, दारांवरून ओळखतात. त्यांच्या डोक्यात खोली सागवानाचीच होती. त्यासाठीच जणू त्यांनी माळ्यावर फळ्या आणि बल्ल्या, म्हणजे अख्खे वासे, जपून ठेवल्या होत्या. आम्ही त्या खाली काढायला गेलो तेव्हा वरून अखंड दिसणारी बल्ली नवऱ्याच्या हातात चुरली आणि आतून माती सांडली. वाळवीने नुसतं साल ठेवलं होतं. बाबांनी त्या मातीत बोट फिरवलं आणि खाली जाऊन बसले. मी मात्र वर छताच्या आढ्याकडे पाहत राहिले. तेही त्याच वयाचं लाकूड होतं आणि बाबा रोज त्याच्याखाली झोपत होते.

विटांच्या भिंतीही जमणार नव्हत्या. आमच्या वस्तीत खाली काळी माती आहे, उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. पडवीची फरशी आधीच तडकलेली. तिच्यावर विटांचं ओझं नको, असं इंजिनियरने सांगितलं. शिवाय बाबांच्या छातीत लाकडाचा भुसा इतकी वर्षं गेलेला. डॉक्टरांनी सिमेंटची आणि रंध्याची दोन्ही धूळ बंद करायला सांगितली होती. आणि उन्हाळा डोक्यावर आला होता. उरला एकच मार्ग, पोलादी पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा. हलका, सुका, वाळवीला न आवडणारा, आणि पटकन होणारा.

काम घेतलं ते कन्हानच्या एका ठेकेदाराने. तो दुकानांची पार्टिशनं आणि हॉटेलांची छतं करत असे. मी त्याला पहिल्याच भेटीत इतके प्रश्न विचारले की त्याने चहा गार केला. वादळ आलं तर? वीज पडली तर? नागपूरच्या मे महिन्यात लोखंड तापलं तर? भिंतीतून वायर जाणार, पट्टी पत्र्याची, वायर घासली आणि करंट उतरला तर?

"मॅडम, तुम्ही टेन्शन कायले घेऊन राहिल्या?" तो म्हणाला. "वायर प्लास्टिकच्या नळीतून जाते. अर्थिंग देतो न मी. पूरा मॉल उभा आहे ह्याच्यावर."

"मॉलमध्ये माझे वडील झोपत नाहीत," मी म्हटलं.

मालाची गाडी आली ती नेमकी शनिवारी. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. शनिवार आणि लोखंड यांचा काही संबंध नाही, हे मी वर्गात मुलांना हसतहसत सांगत आले आहे. पण बाबा शनिवारी खिळासुद्धा विकत घेत नाहीत, आणि ते पहिला प्रश्न हाच विचारणार, हे मला ठाऊक होतं. मी फाटकात आडवी उभी राहिले आणि सगळा माल समोरच्या रिकाम्या प्लॉटवर उतरवायला लावला. ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. नवरा व्हरांड्यातून म्हणाला, "यंदा विज्ञान दिनाचं भाषण तूच कर." रविवारी सकाळी सगळं उचलून आत आणलं. त्यात मजुरांची कुरकुर ऐकावी लागली ती वेगळी.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "लोखंड कोन्या दिवशी आलं?"

"घरात रविवारी आलं, बाबा," मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं.

सांगाडा उभा राहायला लागला तेव्हा बाबा बघायला आले. नवऱ्याने त्यांना स्कूटरवर आणलं. ते आपली बाटली घेऊन पडवीच्या कडेला उभे राहिले. खाली फरशीला एक आडवी पट्टी, वर तशीच दुसरी, आणि मधे हात-हात अंतराने उभ्या पट्ट्या, तिन्ही बाजूंनी दुमडलेल्या आणि एका बाजूने उघड्या. ठेकेदाराची माणसं मशीन लावून स्क्रू मारत होती. बाबांनी एक पट्टी उचलली. उचलताना त्यांनी जोर लावला होता, आणि ती इतकी हलकी निघाली की त्यांचा हात एकदम वर गेला. ते थोडे ओशाळले.

"हे तं पन्हाळी होय," ते म्हणाले. "पावसाचं पानी वाहून न्याची. हिले उभी करून घर बांधते का कोनी?"

ठेकेदार आदराने म्हणाला, "बाबूजी, एकटी हलते. पण सगळ्या बांधल्या आन दोन्ही अंगानं बोर्ड ठोकला की हलत नाही. लात मारून पाहा."

बाबांनी लाथ मारली नाही. त्यांनी ती पट्टी पुन्हा अलगद जागेवर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लाकूड पडाच्या आंधी करकरते वं. आवाज करते, सांगते, हट बापा. माणूस बाहेर पळते. हे काही सांगन नाही."

त्यांनी हे भांडायला म्हटलं नव्हतं. सुताराने सुताराच्या लेकीला सांगावं तसं सांगितलं होतं. पण पडायच्या आधी न सांगणारी खोली आणि पडल्यावरही न सांगणारा माणूस, मी या दोघांना एकत्र ठेवायला निघाले होते. तो सगळा आठवडा मला नीट जेवण गेलं नाही. पोरांच्या वह्या तपासताना चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करून ठेवली आणि मग खोडत बसले.

बाहेरच्या भिंतींमध्ये, पट्ट्यांच्या मधल्या जागेत, पिवळ्या लोकरीसारखे जाड गाद्यांचे तुकडे भरायचे होते. त्याने ऊन अडतं आणि आवाजही अडतो. बाहेरच्या बाजू भरून झाल्या आणि कामगार स्वयंपाकघराकडच्या मधल्या भिंतीशी आले. दाराच्या आणि ओट्यामागच्या मोठ्या जाळीच्या जागी तिथे आता नुसत्या उभ्या पट्ट्या होत्या. त्यांच्यातून मला माझा ओटा दिसत होता, गॅस दिसत होता.

"इथे नको," मी म्हटलं.

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, मग भिंत पोकळ राहीन. इकडचं तिकडं सगळं ऐकू येईन. बाबूजी खोकलले तरी."

"म्हणूनच नको."

त्याने कामगाराला हात करून ती गादी बाजूला ठेवायला सांगितली. नवऱ्याला मी हे सांगितलंच नाही. बाबांना सांगायचा प्रश्नच नव्हता. दार त्यांनी बुजवायला लावलं होतं. कान मी उघडा ठेवला.

दाराची चौकटही पोलादाचीच होती. ती बसवायच्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरची चौकट उभी करताना यजमान त्यांना टोपी आणि शेला देत. आज सुतार कुणीच नव्हता. ठेकेदाराच्या माणसाने स्क्रू मारून चौकट बसवली आणि हात झटकले. बाबांनी कुंकू लावलं तर रंगवलेल्या पत्र्यावरून ते घसरून खाली आलं. त्यांनी दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा घसरलं. मला वाटलं, आता हे उठणार आणि परत जाणार. पण त्यांनी पिशवीतून तेलाची लहान बाटली काढली, बोट बुडवलं, आणि तेलात कालवून लावलं. मग ते टिकलं. मी नवऱ्याच्या हातात शेला दिला आणि त्याने तो बाबांच्या खांद्यावर घातला. बाबा म्हणाले, "मी तं काही केलंच नाही बापू." पण त्यांनी शेला काढला नाही.

ते राहायला आले. त्यांची लोखंडी खाट, त्यांची गॅसची शेगडी, त्यांचा माठ. आंघोळीला आमच्या टाकीचं पाणी चालत होतं. पोटात जाणारं चालत नव्हतं. ते पाणी ते चौकातल्या बोअरिंगवरून, म्हणजे सरकारी हातपंपावरून, लहान कॅनमध्ये आणत. मी कॅन उचलायला गेले तर "तुहा हात नको लागू देऊ," म्हणत. जावई स्कूटरवर आणून द्यायला तयार होता, तर त्यालाही नाही. रोज सकाळी ते कॅन घेऊन फाटकाबाहेर पडले की परत येईपर्यंत मी खिडकीपासून हलत नसे.

पहिल्या दिवशी त्यांनी भिंतींची ओळख करून घेतली. त्यांना कपड्यांसाठी स्वतः घडवलेल्या लाकडी खुंट्या लावायच्या होत्या, आणि वजन पेलणारा स्क्रू पट्टीतच बसायला हवा, नुसत्या बोर्डात नाही, असं ठेकेदार सांगून गेला होता. मी शाळेतून चुंबक आणला. भिंतीवरून फिरवला की आतल्या स्क्रूपाशी तो चिकटतो. बाबांनी तो हातात घेतला, पाहिला, आणि परत दिला. मग बोटाच्या पेराने भिंत वाजवत गेले. ढप, ढप, ढप, टक. "अठी आहे," म्हणून पेन्सिलची खूण. आमचं दोघांचं उत्तर एकच येत होतं. तो एक दिवस मी खरोखर आनंदात होते.

मधल्या भिंतीवर त्यांनी एक खुंटी बरोबर माझ्या ओट्याच्या मागे लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते, तर पलीकडून आवाज आला. टक, टक. खुंटीखालच्या पट्टीवर. मी उलथन्याने इकडून तसंच वाजवलं. पलीकडे खाट करकरली आणि शेगडी पेटल्याचा आवाज आला. तेव्हापासून रोज सकाळी हे ठरून गेलं. ते उठले की वाजवत आणि मी उत्तर देत असे. बोलणं काही नाही.

आवाज ऐकू आला की काळजी मिटेल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आता मला सगळंच ऐकू येत होतं आणि त्यातलं काहीच मला सोडत नव्हतं. खोकला आला तर छाती भरली असेल. खोकला नाही आला तर श्वास चालू आहे ना? भांडं पडलं तर ओट्यावरून माझा हात थांबायचा, आणि ते उचलल्याचा आवाज येईपर्यंत तसाच राहायचा. नवरा म्हणायचा, "अगं, जेव तरी. त्यांनी फक्त ग्लास ठेवला." त्याला कसं सांगणार की ग्लास ठेवल्याचा आणि पडल्याचा आवाज मी आता वेगळा ओळखते.

मे महिना लागला. कूलर खोलीबाहेर जमिनीवर स्टँडवर ठेवला होता. भिंतीला टांगू नका, ठेकेदाराने बजावलं होतं. खोली अपेक्षेपेक्षा थंड राहिली, हे बाबांनीही एकदा कबूल केलं. पण चौकातलं बोअरिंग आटलं. आधी कमी आलं, मग नुसता वारा. हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी नळ आहे, बोअरिंगकडे माझं लक्ष असायचं कारण नव्हतं. बाबा त्याच कॅनसह त्याच वेळी बाहेर पडत आणि परत येत. आता त्यांना यायला उशीर होतो, हे मला दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाले, "रस्त्यात गोष्टी करत बसतो." प्रत्यक्षात ते पार रेल्वे फाटकाकडच्या बोअरिंगपर्यंत चालत जात होते. सांगितलं नाही.

त्या रविवारी नवरा एका लग्नाला कुहीला गेला होता. दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी ओट्यापाशी कैऱ्या चिरत होते. आमच्या कूलरच्या आवाजात पलीकडचं फारसं ऐकू येत नव्हतं; बाबा जेवून झोपले असतील, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात मधल्या भिंतीवर आवाज झाला.

ढप.

खुंटीजवळ नाही. खाली, फरशीच्या जवळ. आणि पट्टीवर नाही, पोकळ जागी. बाबा पोकळ जागी कधी वाजवत नाहीत. अंधारातही त्यांचं पेर पट्टीवरच पडलं असतं. मी सुरी टाकली आणि भिंतीला कान लावला. पुन्हा आवाज आला, आणखी हळू.

मी पळाले. दार बुजवलेलं, म्हणून पळायचं ते सगळ्या घराला वळसा घालून. स्वयंपाकघर, मधली खोली, पुढचं दार, बाजूची बोळ. फरशी इतकी तापली होती की अनवाणी पाय भाजत होते, आणि मी त्या अटीला, त्या भिंतीला आणि त्या दानाला शिव्या देत होते. हो, कन्यादानाला. पहिल्यांदाच, आणि मोठ्याने. बोळीत कुणी असतं तर ऐकलं असतं.

बाबा भिंतीला टेकून खाली बसले होते, पाय पसरलेले. अंगात बाहेरचा सदरा, पायात चपला. चेहरा लाल आणि कोरडा, घामाचा थेंब नाही. बाजूला कॅन आडवा पडला होता, रिकामा. माठावरचं झाकण खाली होतं आणि माठही रिकामा. ते उन्हात रेल्वे फाटकाकडच्या बोअरिंगपर्यंत गेले होते, तेही बंद होतं, आणि तसेच परत आले होते.

"बाबा," मी म्हटलं. त्यांचे डोळे उघडे होते, पण मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

पाणी माझ्या घरात होतं. बाबा त्यांच्या घरात होते. मी पुन्हा तोच वळसा घालून पळाले, आमच्या माठातून तांब्या भरला, बादली उचलली, आणि आले. त्या बोळीत किती पाणी सांडलं ते माहीत नाही. त्यांच्या डोक्यावर ओतलं, मानेवर ओतलं, सदऱ्याची बटणं तोडली. मग तांब्या त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तांब्याकडे पाहिलं. तो त्यांचा नव्हता, हे त्यांना त्या अवस्थेतही कळलं असणार. मग माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या तसाच धरून ठेवला आणि पाणी त्यांच्या हनुवटीवरून गळत होतं. ते प्यायले. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा प्यायले. रिकामा होईपर्यंत प्यायले.

शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, आणि उन्हात बाहेर पडू दिलं म्हणून मला रागावले. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. नवरा लग्नातूनच धावत आला होता. पाण्याचा विषय कुणी काढला नाही. बाबा खाटेवर पडले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला एकच धास्ती होती. शुद्ध हरपत असताना प्यायलं ते प्यायलं. आता जाग आली की यांना त्याची शरम वाटेल, उद्या ते आपली पेटी भरतील आणि त्या वाळवीच्या आढ्याखाली परत जातील. मग पुन्हा शाळेतली ती पर्स आणि तो फोन.

सकाळी मी ओट्यापाशी उभी होते. गॅस पेटवला नव्हता. उठायची वेळ होऊन गेली तरी पलीकडे काही हालचाल नव्हती. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज येतोय का, एवढंच मी ऐकत होते. खाट करकरली. चपला ओढल्याचा आवाज आला. मग खुंटीखालच्या पट्टीवर, बरोबर जागेवर, टक, टक. मी उलथनं उचललं, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा, जरा खरखरीत.

"चहा झाला का वं?"

मी पातेल्यात पाणी ओतलं. माझ्या नळाचं. आलं ठेचलं, चहापत्ती टाकली, साखरेचा डबा उघडला आणि चमचा आत घालून थांबले. लहानपणी ते गोड चहा घ्यायचे, हे आठवत होतं. पण मधे इतकी वर्षं गेली होती, आई गेली होती, आणि मी माझ्या घरात बाबांना एकदाही चहा दिला नव्हता. मी डबा हातात घेऊन भिंतीजवळ गेले, तोंड बोर्डाजवळ नेलं आणि विचारलं,

"बाबा, साखर किती टाकू?"